खेकडा किती किलोचा आणि भाजीत काय घातलंय, हे आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बडोद्यातल्या नव्या हॉटेलांवर एक पान आलं होतं, त्यात सिंगापूर पद्धतीचं सी-फूड मिळणाऱ्या एका हॉटेलचं फार कौतुक होतं, फोटो पण छान होते, आणि ते वाचूनच आम्ही तिथे गेलो, म्हणून हे पत्र सगळ्यात आधी तुम्हालाच लिहितेय. हॉटेलचं नाव लिहिणार नाही. मला कोणाचं दुकान बंद पाडायचं नाहीये, पोरं मेहनतीने चालवतात, गर्दी पण भरपूर असते. मला एवढंच म्हणायचंय की ताटात काय येणार आणि त्याचे किती पैसे होणार हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घ्यायच्या आधी सांगा, नंतर नको.

आमच्या ह्यांची साठी होती. मुलगा सिंगापूरला असतो, त्याला सुट्टी मिळाली नाही, तो फोनवर म्हणाला आई तू आणि बाबा इथे आला होतात तेव्हा बाबांना चिली क्रॅब किती आवडला होता, आता बडोद्यात पण मिळतो म्हणे, तर जा सगळे, पैसे मी पाठवतो. मग आम्ही दोघं, सूनबाई (ती सध्या इथेच आहे, बाळंतपणाला आली होती), पुतण्या, मोठे दीर आणि मोठ्या जाऊबाई असे सहाजण गेलो. जाऊबाई माळकरी आहेत. तीस वर्षं झाली त्यांनी माळ घातली त्याला. आम्ही सीकेपी, घरात मासे नेहमीचे, पण त्यांच्यासाठी वेगळी कढई, वेगळा सांडशी-झारा, आणि एकादशीला तर सगळ्यांनाच काही नाही, असं आमच्या घरात व्यवस्थित चालत आलंय, कोणी कोणाला नावं ठेवत नाही. त्या म्हणाल्या भावजींची साठी आहे, मी येणार, मला एक भाजी आणि भात मिळाला तरी पुष्कळ.

मेन्यू कार्ड मोठं, चकचकीत. खेकड्याच्या पानावर चिली क्रॅब, ब्लॅक पेपर क्रॅब, बटर गार्लिक असं सगळं लिहिलेलं आणि समोर किंमतीच्या जागी फक्त 'एपीएस'. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, एपीएस म्हणजे ॲज पर साइझ, जेवढा मोठा तेवढे पैसे. ठीक आहे, खेकडा काही बिस्किटाचा पुडा नाही की सगळे सारखे असतील, ते मला समजतं. मी ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनला विचारलं की साधारण किती होतील, तर तो गुजरातीत म्हणाला, बेन, ए तो साइझ पर छे, मीडियम आपी दऊं? मी म्हटलं दे मीडियम. इथे माझीच चूक झाली का, तर थोडी झाली, मी किलोचा भाव विचारायला हवा होता. पण गर्दी होती, तो घाईत होता, वाढदिवसाच्या दिवशी सहा माणसांसमोर भाव करत बसायला माणसाला जरा संकोच वाटतोच, आणि ह्या संकोचावरच हे एपीएस चालतं असं माझं मत झालंय.

जाऊबाईंसाठी मी हिरवा ठिपका शोधत होते. व्हेजच्या पानावर 'सांबल कांगकोंग' होतं, सांबल म्हणजे तिकडची मिरचीची चटणी, कांगकोंग म्हणजे पाण्याकाठी होणारी नाळीची भाजी, आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका व्यवस्थित छापलेला. ते मागवलं.

भाजी आली. वाफ निघत होती, लालसर तेल सुटलेलं, जाऊबाईंनी भातावर घेतली आणि दोन घास खाल्ले. मी समोर बसले होते, मला तो वास आला आणि माझा हातच थांबला. घरात जवळा भाजला की जो वास येतो ना, खिडक्या उघडल्या तरी पडद्यांना राहतो तो, अगदी तोच. चाळीस वर्षं जवळा, सुकट, सोडे भाजलेत मी, ह्या वासात माझी चूक होणार नाही. मी म्हटलं वहिनी थांबा जरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं पण नाही, त्यांना कळलं. हातातला घास ताटात तसाच ठेवला, पाणी प्यायल्या, आणि साडीच्या पदराने तोंड पुसत बसल्या.

कॅप्टनला बोलावलं तर तो म्हणाला प्युअर व्हेज आहे, फक्त भाजी आणि सॉस. मी म्हटलं सॉसचा डबा दाखवा. नाही म्हणाला, मग मॅनेजर आले, ते सज्जन होते, त्यांनी किचनमधून बरणी आणवली. बाहेरून आलेली सांबलची पेस्ट, इम्पोर्ट करणाऱ्याने मागे आपलं स्टिकर लावलेलं, आणि त्या स्टिकरवर चौकटीतला तपकिरी त्रिकोण. म्हणजे नॉन-व्हेजची खूण, जी आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या, नॉन-व्हेज काही असलेल्या प्रत्येक पॅकबंद डब्यावर लावावीच लागते. घटकांमध्ये कोळंबीची पेस्ट लिहिलेलीच होती. म्हणजे कायद्याने जे सांगायचं ते डब्याने सांगितलं होतं, ते किचनमधल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोज होतं, फक्त डब्यापासून मेन्यू कार्डापर्यंत येता येता त्याचा हिरवा ठिपका झाला.

ज्यांना ह्या खाण्याची माहिती नाही त्यांना सांगते, सिंगापूर-मलेशियाकडे बेलाचन नावाची वडी असते, बारीक कोळंबी मीठ लावून कुजवून उन्हात वाळवून दाबून केलेली. आपला जवळा असतो ना, त्याच्याच जातभाईंची. मिरच्यांबरोबर ती वाटली की सांबल तयार, म्हणजे सगळ्याच सांबलमध्ये नसते, पण बहुतेकांत असते. हिरव्या पालेभाज्या परततात त्यात ऑइस्टर सॉस घालतात, तो कालवांचा. चवीला उत्तम, मी स्वतः आवडीने खाते, तक्रार चवीची नाहीच. पण भाजी म्हणजे व्हेज, हे गणित त्या स्वयंपाकात चालत नाही, आणि जो माणूस बडोद्यासारख्या गावात हा स्वयंपाक विकायला बसतो त्याला हे सगळ्यात आधी माहीत पाहिजे. इथे जैन आहेत, स्वामीनारायणवाले आहेत, माळकरी आहेत, अर्धं टेबल खाणारं अर्धं न खाणारं असं एकत्र जेवायला येणारी घरं आहेत. आणि हे फक्त धर्माचं नाही, कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तर एवढीशी पेस्ट पण भारी पडू शकते, घसा सुजतो, श्वास अडकतो. तो बिचारा व्हेजच्या पानावरून ऑर्डर करून निश्चिंत बसलेला असणार.

तोपर्यंत खेकडा आला होता. आता खरं सांगायचं तर कोणाचं मन नव्हतं, पण आला तर खाल्ला. रस्सा चांगला होता, आंबटगोड, अंड्याचे धागे सुटलेले, बरोबर तळलेले मांतोऊ पाव, ते सगळं बरोबर जमवलेलं. खेकडा मात्र जिवंत कापलेला नव्हता. नांगी फोडली तर मांस भिजल्या पिठासारखं, कवचाला चिकटलेलं, आणि आत जो गोडवा असतो तो नाही. चिंबोरी मेली की लगेच खराब व्हायला लागते, म्हणून तर आपल्याकडे कोळणी पाय बांधून जिवंतच विकतात आणि घेणारी बाई आधी हातात घेऊन वजन बघते, जड असेल तर भरलेली, हलकी लागली तर पोकळ. अमावस्येची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असं आमची आजी म्हणायची आणि त्या हिशोबानेच बाजारात जायची. ह्या हॉटेलात टाकी नव्हती, काटा नव्हता, काही बघायची सोयच नव्हती.

बिल आलं. चिली क्रॅब दीड किलो, किलोला ४,३०० प्रमाणे ६,४५० रुपये. बाकी सगळं मिळून, म्हणजे सीरिअल प्रॉन्स, एक मासा, भात, पाव आणि ती भाजी धरून, ३,१८०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ९६३. त्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण ११,१२३. हो, ती भाजी पण बिलात होती, ४२० रुपये.

दीड किलो खेकडा म्हणजे केवढा असतो हे मला माहितेय. ताटात जे कवच होतं त्याच्यावर मी माझा तळहात ठेवून बघितला, माझ्या अंदाजाने तो पाऊण किलोच्या फार वर नव्हता. पण अंदाजाला कोण विचारतं, शिजून फुटून आलेल्या खेकड्याचं वजन आता कुठे करणार. म्हणून तर म्हणते ना की वजन आधी. खंडेराव मार्केटात दहा रुपयांची कोथिंबीर घेताना सुद्धा भाजीवाली आपल्या डोळ्यांसमोर काट्यावर टाकते आणि काटा आपल्याकडे वळवून दाखवते, आणि साडेसहा हजारांचा खेकडा आम्ही न बघता, न तोलता, नुसता शब्दावर घेतला.

आता मुलाकडे काय बघितलं ते सांगते, कारण सिंगापूर पद्धत सिंगापूर पद्धत म्हणून जे विकलं जातंय त्यातली अर्धी पद्धत इथे आलेलीच नाहीये.

२०२४ मध्ये आम्ही महिनाभर मुलाकडे होतो. एका रविवारी त्याने ईस्ट कोस्टला समुद्राकाठच्या एका मोठ्या सी-फूड हॉटेलात नेलं, आठ दिवस आधी टेबल बुक केलं होतं एवढी गर्दी. भिंतीला लागून टाक्या, त्यात खेकडे, लॉब्स्टर, मासे, लहान मुलं काचेला नाक लावून उभी. आम्ही चिली क्रॅब म्हटल्यावर मुलगी आत गेली आणि एक मुलगा जिवंत खेकडा घेऊन टेबलाशी आला, नांग्या दोरीने बांधलेल्या, डोळे हलत होते. छोट्या काट्यावर ठेवला, १ किलो २०० ग्रॅम, काटा आमच्याकडे. मग कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला, किलोला १०८ सिंगापूर डॉलर, म्हणजे १२९ डॉलर ६० सेंट, आणि म्हणाला ह्याच्यावर सर्व्हिस आणि टॅक्स वेगळा, ओके? तिकडे दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी, तो २०२४ च्या १ जानेवारीपासून आठाचा नऊ झाला. सगळं धरून एकशे पंचावन्न डॉलर, आपले साडेनऊ हजारांच्या वर. आमचे हे म्हणाले नको रे बाबा एवढे, साधा मासा घेऊ. मुलाने ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी, पण नको म्हणायची संधी आम्हाला मिळाली होती, खेकडा अजून जिवंत होता, किचनमध्ये गेला नव्हता. आणि मग त्या मुलीने विचारलं, कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, कोळंबी, शेंगदाणे, कोणी काही खात नाही असं आहे का. एवढं विचारायला तिला अर्धं मिनिट लागलं असेल.

तिथे सगळे साधुसंत आहेत असं मी म्हणत नाही. टेबलावर न मागता शेंगदाण्यांची बशी आणि ओले टिश्यू येतात आणि त्याचे पैसे लावतात, मुलाला माहीत होतं म्हणून त्याने बशी लगेच परत दिली, टिश्यू मात्र ठेवले, कारण चिली क्रॅब खाल्ल्यावर ते लागतातच. आणि २०२३ मध्ये तर एका जपानी पर्यटक बाईंनी तिथल्या एका हॉटेलात खेकड्याचं बिल बघून चक्क पोलीस बोलावले होते, जगभर बातमी झाली होती. तिथेही घोळ हाच, भाव १०० ग्रॅमचा होता आणि बाईंचं म्हणणं की तो १०० ग्रॅमचा आहे हे आपल्याला नीट सांगितलं नाही. म्हणजे जिथे हा पदार्थ जन्मला तिथे सुद्धा सांगण्यात जरा कसूर झाली की भांडण पोलिसांपर्यंत जातं. आपण तर नवीनच सुरुवात करतोय.

आणि जन्मला कुठे, तर हातगाडीवर. १९५६ च्या सुमारास चेर याम तिआन नावाच्या बाईंनी कल्लांग नदीच्या काठी गाडीवर चिली क्रॅब विकायला सुरुवात केली. घरी नवऱ्याला नुसत्या उकडलेल्या खेकड्यांचा कंटाळा आला म्हणून त्यांनी टोमॅटो सॉस घालून परतून बघितले, मग मिरची घातली. अंडं आणि सांबल घालून आज मिळतो तसा दाट रस्सा नंतर दुसऱ्या एका शेफने केला. आपल्या सेव-उसळीच्या गाड्यांसारखीच गोष्ट, मला ती फार आवडते. फिश हेड करी पण तशीच, १९४९ मध्ये गोमेझ नावाच्या एका केरळच्या माणसाने तिथे सुरू केली, चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं आवडतं हे बघून त्याने ते आपल्या मल्याळी कालवणात टाकलं. म्हणजे त्या ताटात आपल्याकडचाही हात आहे. आणि सिंगापुरात जे खेकडे खातात ते बरेचसे तिथले नसतातच, श्रीलंकेतून, इंडोनेशियातून, आपल्या भारतातून सुद्धा जातात, जिवंत, ओलसर ठेवून, विमानाने. चिखलातला खेकडा पाण्याबाहेर ओलाव्यात दोन-चार दिवस राहतो. मग किनाऱ्यावरून बडोद्याला जिवंत आणता येत नाही, हे जे मला मॅनेजर म्हणाले, ते मला पटत नाही. महाग पडत असेल. तर तसं सांगा, फ्रोझन आहे म्हणा, फ्रोझनचा भाव लावा, आम्ही ठरवू.

मला एकाने हे पण म्हटलं की बडोद्यात कसला समुद्र, तुम्ही मराठी लोकांना हौस फार. समुद्र नाही, मान्य. पण बडोदे राज्याला समुद्र होता, ओखामंडळ होतं, कोडिनार होतं, खाली नवसारी-बिलीमोरा होतं. सयाजीराव महाराजांनी ओखामंडळच्या समुद्रातल्या जीवांचा अभ्यास जेम्स हॉर्नेल नावाच्या तज्ज्ञाकडून करून घेतला होता, त्याचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये छापले गेले. कुठला शिंपला कुठे होतो, मोती मिळेल का, ह्याची शंभर वर्षांपूर्वी ज्या राज्याने नोंद केली त्याच्या राजधानीत आज खेकड्याचं वजन सांगायला कोणी तयार नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

दुसरी एक गोष्ट आहे जी आमच्यासारखे मासे खाणारे बोलत नाहीत. इथे आपण जरा दबूनच खातो. माशाबद्दल तक्रार करायला गेलं की समोरचा म्हणतो, खाताच कशाला, किंवा शेजारी ऐकतील म्हणून आपणच गप्प बसतो. दांडिया बाजारात आमच्या ओळखीच्या तीन घरांनी ह्याच हॉटेलात असंच बिल भरलं आणि कोणी अवाक्षर काढलं नाही, मी सांगायला लागले तेव्हा एकेक जण बोलला. आणि न खाणारा माणूस तर आणखीनच गप्प, त्याला वाटतं अशा जागी आपण गेलो ही आपलीच चूक. जाऊबाई घरी येताना रिक्षात एकच वाक्य बोलल्या, जाऊ दे, त्यांना काय माहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला, तिसऱ्या दिवशी पण केला. ह्यांना एवढं वाईट वाटलं की म्हणाले, माझी साठी नसती केली तर बरं झालं असतं. हे मॅनेजरना कळणार नाही, कारण ते बिलात दिसत नाही.

आता कायद्याचं. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, तो गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं होतं, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाच्याच बाजूने निकाल दिला. मी काउंटरवर हे सांगितलं, आधी ते म्हणाले सगळीकडे लावतात मॅडम, मग मी म्हटलं १९१५ ला फोन लावू का, ती ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तेव्हा त्यांनी ९६३ रुपये काढले आणि बिल १०,११२ झालं. भाजीचे ४२० मी काढायला सांगितलेच नाहीत. ते पैसे परत घेऊन जाऊबाईंचं काय भरून येणार होतं.

मेन्यूवर कॅलरी आणि ॲलर्जीचे पदार्थ लिहायचा नियम एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा आहे, १ जुलै २०२२ पासून लागू, त्यात कोळंबी-खेकडा, मासे, अंडं, शेंगदाणे सगळं येतं. पण तो सक्तीचा आहे सेंट्रल लायसन्सवाल्यांना आणि ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांना. एकटं हॉटेल सुटतं. म्हणजे पिझ्झाच्या साखळीत मला कळतं की चीजमध्ये दूध आहे, जे मला तसंही माहीत असतं, आणि जिथे खरंच माहीत नसतं, बेलाचन, ऑइस्टर सॉस, फिश सॉस असल्या परक्या स्वयंपाकात, तिथे नियमच नाही. महापालिकेच्या खाद्य विभागाने निदान एवढं करावं की हिरवा ठिपका ज्या पदार्थापुढे आहे त्यातल्या तयार सॉसच्या बरण्या तपासाव्यात. त्याला लॅब लागत नाही, बरणी उलटी करून मागचा त्रिकोण बघायचा एवढंच.

हॉटेलवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की एपीएसच्या खाली एक ओळ छापा, १०० ग्रॅमला किती आणि आज साधारण केवढे खेकडे आलेत. काटा टेबलापर्यंत आणा, केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, फाडायच्या आधी वजन आणि आकडा तोंडाने सांगा, आणि फ्रोझन असेल तर फ्रोझन म्हणा. भाजीत काय आहे ते वाढणाऱ्या पोराला शिकवा, तो रोज शंभर लोकांना उत्तर देतो, त्यालाच माहीत नसेल तर त्याची पण काय चूक. सिंगापुरातून तुम्ही रेसिपी आणली, तो प्लास्टिकचा बिब आणला, मांतोऊ आणले, तर काटा पण आणा. गिऱ्हाईक पळून जाणार नाही. आम्ही ईस्ट कोस्टला साडेनऊ हजारांच्या वर पैसे हसत दिले होते आणि अजून त्याची आठवण काढतो, इथे तेवढेच पैसे दिले आणि घरात कोणी त्या दिवसाचं नाव काढत नाही.

आणि संपादक साहेब, आपल्या पुरवणीत हॉटेलवर लिहिणाऱ्यांनी पण फोटो काढताना दोन प्रश्न विचारावेत, खेकडा कुठून आला, आणि व्हेजच्या पानावरचं सगळं खरंच व्हेज आहे का. आम्ही तुमचं वाचून जातो.

गेल्या मंगळवारी मी एकटीच परत तिथे जाऊन आले, जेवायला नाही, नुसतं बघायला. मॅनेजर ओळखीचं हसले, पाणी विचारलं, म्हणाले नवीन मेन्यू छापायला टाकलाय, वेळ लागेल. मी टेबलावरचं कार्ड उघडलं. सांबल कांगकोंगपुढे हिरवा ठिपका तसाच आहे. मी पर्समधला पेन काढला आणि त्यांच्यासमोर, त्यांना विचारून, त्या एका कार्डावर ठिपक्याशेजारी 'ह्यात कोळंबी आहे' असं गुजरातीत लिहिलं. ते थांबले जरा, मग म्हणाले, बाकीच्या कार्डांवर पण लिहून द्या ना. बावीस कार्डं होती. सगळ्यांवर लिहून आले.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे